‘स्टॉप’चं बटण कुणाच्या हातात?

साठच्या दशकातला मोठा काँप्युटर म्हणजे एक बंद खोली. थंड हवेची, बहुतेक वेळा काचेच्या भिंतीची. आत कपाटांच्या रांगा, टेपची चक्रं आणि एका बाजूला दिव्यांनी नि बटणांनी भरलेलं पॅनेल. त्या पॅनेलसमोर बसायचा तो ऑपरेटर. आज हा शब्द ऐकला की आपल्याला झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा आठवतो, पण त्या खोलीत ऑपरेटर म्हणजे राजा होता. मशीन सुरू करणं, थांबवणं, अडलं तर कुठे अडलं ते बघणं, सगळं त्याच्या बोटांवर. ज्याने प्रोग्राम लिहिला तो मात्र खोलीच्या बाहेर ताटकळत उभा.

आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी ‘सिस्टीम/३६०’ ही यंत्रांची मालिका जाहीर केली. छोट्या मॉडेलपासून अवाढव्य मॉडेलपर्यंत सगळ्यांची भाषा एक, हे तिचं वैशिष्ट्य. त्या यंत्राच्या पॅनेलवर काय काय होतं ते जरा सावकाशीने बघूया, कारण पुढची सगळी गोष्ट त्या बटणांचीच आहे. एक ‘लोड’ बटण. त्याच्या सोबतीला तीन फिरत्या खुंट्या. खुंट्या फिरवून कुठल्या डिस्कवरून किंवा टेपवरून सुरुवात करायची त्याचा क्रमांक लावायचा आणि ‘लोड’ दाबायचं, की रिकामं यंत्र पहिला घास घेऊन कामाला लागायचं. मग ‘स्टार्ट’ आणि ‘स्टॉप’. ‘सिस्टीम रिसेट’. ‘इंटरप्ट’, म्हणजे चालू प्रोग्रामला बाहेरून काढलेला चिमटा. ‘डिस्प्ले’ आणि ‘स्टोअर’, म्हणजे मेमरीच्या अमुक घरात काय ठेवलंय ते दिव्यांवर दाखवणं, किंवा तिथलं काढून नवं भरणं. आणखी एक खुंटी ‘अ‍ॅड्रेस कंपेअर’ नावाची. प्रोग्राम अमुक पत्त्यावर पोचला की थांबव, असं तिच्याकडून सांगता येई. आणि कोपऱ्यात वर एक लाल मूठ, ‘इमर्जन्सी पुल’. ती ओढली की यंत्राची वीजच तुटायची, आणि ती पुन्हा जागेवर बसवायला दुरुस्तीवाला माणूस बोलवावा लागायचा.

आता बाहेर उभ्या असलेल्या प्रोग्रामरकडे बघा. तो कार्डांना भोकं पाडून आपला प्रोग्राम तयार करी, गठ्ठा खिडकीत देई, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी छापील कागद घेऊन जाई. कागदावर काय? तर एक स्वल्पविराम चुकला म्हणून काम झालेलं नाही. आमच्या कचेरीत एखादी फाईल ‘सही शाईत नाही’ असा शेरा घेऊन आठवड्याने परत येते, त्यातलाच प्रकार. चूक एका क्षणाची, पण फेरी पूर्ण दिवसाची. मी कला शाखेचा माणूस, इतिहास घेऊन पदवीधर झालेला. यंत्राच्या पोटात काय चालतं त्यापेक्षा यंत्राच्या दाराशी कोण उभं असतं यात मला जास्त रस. म्हणून ही हकीकत वाचली तेव्हा ती मला तंत्रज्ञानापेक्षा कचेऱ्यांच्या इतिहासातली वाटली.

या रांगेवर तोड काढायचा विचार बॉस्टनशेजारच्या एमआयटीमध्ये आधीच सुरू झाला होता. फर्नांडो कोर्बाटो यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये ‘सीटीएसएस’ नावाची व्यवस्था दाखवली. एका यंत्राला अनेक टाइपरायटर जोडायचे, यंत्राचा वेळ बारीक तुकड्यांत वाटायचा, आणि प्रत्येकाला वाटावं की यंत्र आपल्याशीच बोलतंय. हेच ते टाइम-शेअरिंग. ती व्यवस्था आयबीएमच्याच यंत्रावर चालत होती. तेव्हा एमआयटीची पुढची मोठी खरेदीही आपल्याकडूनच होणार अशी आयबीएमची समजूत होती. पण नव्या ३६० मालिकेत एक उणीव निघाली. प्रोग्राम जो पत्ता मागतो तो चालता चालता दुसऱ्या खऱ्या पत्त्यावर वळवून देण्याची सोय त्या यंत्रात नव्हती, आणि अनेकांना एकत्र नांदवायचं तर ती हवीच. एमआयटीने आपल्या ‘मल्टिक्स’ प्रकल्पासाठी जनरल इलेक्ट्रिकचं यंत्र निवडलं. बेल लॅबोरेटरीजही तिकडेच गेली. आयबीएमला हा घाव चांगलाच लागला.

त्याच वर्षी, म्हणजे १९६४ च्या फेब्रुवारीत, आयबीएमने केंब्रिजला एक लहानसं शास्त्रीय केंद्र उघडलं होतं. प्रमुख नॉर्मन रासमुसेन. जागा टेक्नॉलॉजी स्क्वेअरमधल्या ५४५ क्रमांकाच्या इमारतीत, म्हणजे एमआयटीची टाइम-शेअरिंगची मंडळी बसत त्याच इमारतीत. या केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो हे दोघे होते. क्रीझी सीटीएसएसवर काम करून आलेला. आयबीएमने टाइम-शेअरिंगचं अधिकृत काम ‘टीएसएस/३६०’ या नावाने दुसरीकडे मोठ्या फौजफाट्यासह सुरू केलं होतं. केंब्रिजवाल्यांनी त्यात लुडबुड करू नये हे उघड होतं. तेव्हा त्यांनी आपल्या कामाला अभ्यासाचा, मोजमापाचा मुलामा दिला आणि काम चालू ठेवलं. सरकारी नोकरीत काही वर्षं काढलेल्या वाचकाला या युक्तीचं वेगळं स्पष्टीकरण लागू नये.

क्रीझीची कल्पना इतरांपेक्षा एका बाबतीत मुळातच वेगळी होती. बाकीचे सगळे म्हणत होते की एक मोठा कारभारी प्रोग्राम लिहू, आणि तो प्रत्येक माणसाला सेवा देईल. ही फाईल घे, हा कागद छाप, एवढी जागा वापर. क्रीझी म्हणाला, सेवा नकोत, यंत्रच देऊया. प्रत्येकाला एक पूर्ण ३६० यंत्र. त्याची मेमरी, त्याचा कार्ड वाचक, त्याचा छपाईयंत्र, त्याच्या डिस्क, आणि (महत्त्वाचं म्हणजे) त्याचं पॅनेल. खरं यंत्र एकच, बाकीची भासाची. या भासाच्या यंत्रांना पुढे ‘व्हर्च्युअल मशीन’ हे नाव रूढ झालं. भास निर्माण करणाऱ्या प्रोग्रामचं नाव ‘कंट्रोल प्रोग्राम’, थोडक्यात सीपी. एका यंत्राची अनेक यंत्रं करणं एवढंच त्याचं काम. आत बसून कुणी काय करायचं यात तो पडत नाही. आत वापरायला दुसरा एक साधा, एकाच माणसापुरता प्रोग्राम लिहिला, तो ‘केंब्रिज मॉनिटर सिस्टीम’, म्हणजे सीएमएस. ज्याला सीएमएस नको त्याने आपल्या यंत्रात हवं ते घालावं.

हे जमलं कसं? ३६० यंत्राला काम करायच्या दोन अवस्था होत्या. एक साध्या प्रोग्रामची, दुसरी कारभाऱ्याची. डिस्कला हुकूम देणं, मेमरीचं कुलूप बदलणं असल्या अधिकाराच्या सूचना फक्त कारभाऱ्याच्या अवस्थेत चालत. साध्या अवस्थेत कुणी तसली सूचना दिली तर यंत्र ती पाळत नसे, काम थांबवून कारभाऱ्याला हाक मारत असे. सीपीने काय केलं, तर भासाच्या प्रत्येक यंत्राला कायम साध्या अवस्थेतच चालवलं. आतला प्रोग्राम स्वतःला कारभारी समजून हुकूम सोडतो, त्या क्षणी खरं यंत्र सीपीला हाक मारतं, सीपी तो हुकूम तपासतो, स्वतः पार पाडतो, आणि जणू काही घडलंच नाही अशा रीतीने आतल्या प्रोग्रामला पुढे चालू करून देतो.

गोव्यातल्या वाचकाला हे भाटकार-मुंडकाराच्या नात्यावरून चटकन कळेल. मुंडकार घरात राहतो, पण भाट भाटकाराचं. माडाचा नारळ पाडायचा तर विचारायला हवं. सीपीने प्रत्येक मुंडकाराला असं वाटायला लावलं की तूच भाटकार. तो ऐटीत नारळाला हात घालतो. खरा भाटकार मागून येऊन त्याचा हात धरतो, हा माड याच्या वाट्याचा आहे ना ते बघतो, नारळ स्वतः काढून त्याच्या हातात ठेवतो आणि दिसेनासा होतो. मुंडकार खूश, की मीच काढला. आणि वाट्याबाहेरच्या माडाकडे हात गेला तर तिथे माडच नाही असं त्याला दिसतं. भांडणाचा प्रश्नच येत नाही!

पत्ते वळवण्याची सोय नाही ही अडचण उरलीच होती. केंब्रिजवाल्यांनी मॉडेल ४० या मध्यम यंत्राला ६४ घरांची एक खास मेमरी जोडून घेतली. यंत्राची मूळ मेमरी २५६ के, म्हणजे आजच्या मोबाइलवरच्या एका बऱ्याशा फोटोलाही अपुरी. ती चार-चार केच्या पानांत वाटली की बरोबर ६४ पानं होतात, आणि पानागणिक एक घर. या यंत्रावरचा सीपी-४० जानेवारी १९६७ मध्ये रोजच्या वापरात आला. एका वेळी १४ भासाची यंत्रं, आणि प्रत्येक यंत्र आपल्याकडे २५६ के आहेत अशा समजुतीत. त्यानंतर पत्ते वळवण्याची सोय असलेल्या मॉडेल ६७ साठी सीपी-६७ लिहिला गेला. १९६७ मध्येच तो एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत गेला. तिकडे अधिकृत टीएसएसचं गाडं अडखळत होतं. आयबीएमने १९६८ मध्ये त्यावरून हात काढला, ग्राहकांनी गलका केल्यावर पुढल्या वर्षी पुन्हा ठेवला, आणि १९७१ मध्ये कायमचा काढला. शेकडो माणसांच्या प्रकल्पाचं हे झालं, आणि मूठभर माणसांचं बिगरसरकारी म्हणावं असं काम चालू राहिलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. प्रत्येकाला यंत्र दिलं खरं, पण पॅनेल कुठून देणार? वापरणाऱ्याच्या समोर असायचं ते टर्मिनल. त्या काळचं नावाजलेलं टर्मिनल म्हणजे ‘२७४१’. आयबीएमचाच गोल डोक्याचा सिलेक्ट्रिक टाइपरायटर, तारेने यंत्राला जोडलेला. दिवे नाहीत, खुंट्या नाहीत. केंब्रिजच्या मंडळींनी त्यावर जो मार्ग काढला तो मला या सगळ्या हकीकतीतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. त्यांनी पॅनेलवरच्या एकेका बटणाचा शब्द केला.

‘लोड’ बटणाचा आणि तीन खुंट्यांचा शब्द झाला ‘आयपीएल’. त्याच्यापुढे डिस्कचा क्रमांक टाइप करायचा, उदाहरणार्थ ‘आयपीएल १९०’. खुंट्या फिरवून बटण दाबण्याचंच हे काम. ‘स्टार्ट’ची जागा ‘बिगिन’ने घेतली. ‘इंटरप्ट’चं झालं ‘एक्स्टर्नल’. ‘डिस्प्ले’, ‘स्टोअर’ आणि ‘सिस्टीम रिसेट’ नावानिशी तसेच आले. दिव्यांची उघडझाप वाचण्याऐवजी ‘डिस्प्ले जी’ म्हटलं की यंत्राची सोळा रजिस्टरं कागदावर छापून येत. ‘अ‍ॅड्रेस कंपेअर’च्या खुंटीचं झालं ‘अ‍ॅडस्टॉप’. यात सीपी एक लबाडी करी. सांगितलेल्या पत्त्यावरची सूचना गुपचूप उचलून तिथे आपली एक खूण ठेवी. प्रोग्राम त्या खुणेवर पाय देई तेव्हा यंत्र थांबे, सीपी मूळ सूचना जागेवर ठेवी आणि टर्मिनलवर कळवी की तुझा माणूस इथे पोचलाय. डिस्क किंवा टेप तयार असल्याचा संदेश द्यायचा तर ‘रेडी’, टेप मागे गुंडाळायची तर ‘रिवाइंड’. खऱ्या खोलीत ऑपरेटर उठून टेपजवळ जाऊन जे करायचा ते इथे बसल्या जागी, आणि तेही स्वतःच.

मग ‘स्टॉप’चं काय? त्यासाठी शब्द कसा टाइप करणार? यंत्र चालू असताना २७४१ चा कळफलक कुलूपबंद असे. त्यावर एक ‘अटेन्शन’ कळ होती. सीएमएस वापरणाऱ्याने ती एकदा दाबली तर हाक आतल्या प्रोग्रामला जाई. लागोपाठ दोनदा दाबली तर हाक थेट सीपीला. सीपीला हाक गेली की भासाचं यंत्र आहे तिथे गोठायचं. अर्ध्या सूचनेवरही नाही नि पुढच्या सूचनेवरही नाही, दोहोंच्या मधे स्वच्छ थांबलेलं. मग हवा तेवढा वेळ घ्या. मेमरी बघा, चुकलेला आकडा ‘स्टोअर’ने दुरुस्त करा, चहा पिऊन या, आणि ‘बिगिन’ म्हणा. आतल्या प्रोग्रामला मधे वेळ गेल्याचा पत्ताही नाही. ‘बिगिन’पुढे पत्ता दिला तर यंत्र त्या पत्त्यापासून चालू लागे, म्हणजे मधला रस्ता टाळताही येई.

खऱ्या यंत्रावर असं करायला मिळणं म्हणजे चैन होती. तासाला प्रचंड भाडं असलेलं यंत्र एका माणसाने विचार करण्यासाठी थांबवून ठेवावं, हे कुठल्या साहेबाला परवडेल? भासाचं यंत्र थांबलं तर कुणाचंच काही थांबत नव्हतं. त्याचा वेळ सीपी बाकीच्यांना वाटून टाकी. खिडकीपाशी कागदाची वाट बघणारा माणूस अशा रीतीने पॅनेलसमोर येऊन बसला.

कमांडचे शब्द आखूड का, याचंही कारण त्या टाइपरायटरमध्येच आहे. तो सेकंदाला जेमतेम १५ अक्षरं छापायचा. तेव्हा ‘क्वेरी’ऐवजी नुसता ‘क्यू’, ‘बिगिन’ऐवजी ‘बी’, ‘मेसेज’ऐवजी ‘एम’ चाले. दुसऱ्या वापरकर्त्याला निरोप धाडायची ही ‘मेसेज’ कमांड लोकांनी गप्पांसाठी मनसोक्त वापरली, ते वेगळं सांगायला नको. पुढे ३२७० जातीचे पडदे आले, तेव्हा उजव्या कोपऱ्यात खाली यंत्राची अवस्था दिसू लागली. ‘रनिंग’ म्हणजे चालू आहे. ‘व्हीएम रीड’ म्हणजे आतला प्रोग्राम तुमच्या उत्तराची वाट बघतोय. ‘सीपी रीड’ म्हणजे यंत्र थांबलंय आणि सीपी विचारतोय, पुढे काय? ‘अटेन्शन’चं काम ‘पीए१’ कळ करू लागली. यंत्र न थांबवता सीपीशी बोलायचं असेल तर ओळीच्या आरंभी ‘#सीपी’ लिहायचं, म्हणजे ओळ आतल्या प्रोग्रामला न जाता वर जाई.

तर मग मूळचा ऑपरेटर, तो खोलीतला राजा, त्याचं काय झालं? तो गेला नाही. पण त्याचा हुद्दा बदलला, आणि बदलला तो अशा रीतीने की एखाद्या प्रशासन सुधारणा समितीने शिकावं. सीपी सुरू झाला की ‘ऑपरेटर’ नावाचं एक खातं आपोआप उघडे. म्हणजे ऑपरेटरही एक वापरकर्ता, त्याचंही यंत्र भासाचंच! फरक फक्त अधिकाराच्या वर्गाचा. पुढे व्हीएम/३७० मध्ये हे वर्ग ‘ए’पासून ‘जी’पर्यंत नीट ठरले. ‘ए’ म्हणजे मुख्य ऑपरेटर. तो सगळी व्यवस्था ‘शटडाउन’ने बंद करू शके, कुणालाही ‘फोर्स’ने बाहेर काढू शके. ‘बी’कडे डिस्क-टेपची वाटणी, ‘डी’कडे छपाईच्या रांगा, ‘सी’कडे खुद्द सीपीच्या मेमरीत फेरफार करायची मुभा. ‘ई’ला खऱ्या मेमरीत डोकावता येई, पण बदल करता येत नसे. ‘एफ’ दुरुस्तीवाल्यांसाठी, ते यंत्राच्या बिघाडांच्या नोंदी बघत. आणि ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण माणूस.

या ‘जी’कडे नीट बघा. आमच्या श्रेणीत ‘जी’ म्हणजे शिपायाच्याही खालचा कुणीतरी झाला असता. पण सीपीच्या ‘जी’ला आपल्या यंत्रावर पूर्ण सत्ता. थांबवा, सुरू करा, मेमरी पुसा, नवी व्यवस्था चढवा, हवं तर यंत्र पार कोसळवा. त्या कोसळण्याने शेजाऱ्याच्या भिंतीला तडा जात नाही. आणि दुसऱ्याच्या यंत्राला मात्र बोटही लावता येत नाही. वरचा अधिकारी व्यवस्था चालवतो, पण तुमच्या यंत्रात बसून काय करता हा त्याच्या कामाचा भाग नाही. कारभाऱ्याला इंग्रजी अमलात ‘सुपरवायझर’ म्हणत. सुपरवायझर प्रोग्रामांवर देखरेख करणारा म्हणून अशा प्रोग्रामला पुढे ‘हायपरवायझर’ म्हणू लागले. हेडक्लार्कच्या डोक्यावरचा हेडक्लार्क, पण ढवळाढवळ न करणारा. असा प्राणी मी नोकरीत अजून पाहिलेला नाही.

ही भिंत किती पक्की होती त्याची परीक्षा केंब्रिजमध्येच झाली. तिथल्या सीपी-६७ वर आयबीएमची माणसं होती, तशी बाहेरच्या विद्यापीठांची मुलंही होती. त्याच यंत्रावर कंपनीच्या मुख्य कचेरीचे नियोजनकार गोपनीय आकडेमोड करत. विद्यार्थी म्हणजे कुलूप दिसलं की वाकवून बघणारी जात. आणि अशातच कंपनीचं एक मोठं गुपित तिथे आलं. नव्या ‘३७०’ यंत्रांना पत्ते वळवण्याची सोय द्यायचं ठरलं होतं, पण ते जाहीर व्हायचं होतं. यंत्र अजून तयारही नव्हतं. तेव्हा सीपी-६७ च्या एका भासाच्या यंत्रात दुसरा, बदललेला सीपी-६७ चढवला. हा दुसरा सीपी आपल्या पोटात ३६० ऐवजी नव्या ३७० चे भास निर्माण करी. त्या भासाच्या ३७० वर तिसरा सीपी, आणि त्याच्या पोटात सीएमएस. बाहेरच्या मुलांना फक्त पहिली पायरी दिसत होती. खरं ३७० यंत्र उभं राहायच्या साधारण वर्षभर आधी त्यावरची व्यवस्था अशी चालून बघितली गेली. न जन्मलेल्या यंत्राला टर्मिनलवरून ‘बिगिन’ म्हणण्याचा हा प्रकार.

अशा वेळी टर्मिनलवर बसणाऱ्याची एक गमतीची पंचाईत होई. ‘#सीपी’ म्हटलं तर कोणता सीपी ऐकणार? सर्वांत बाहेरचा. आतल्याला सांगायचं तर ‘#’च्या आधी अवतरणचिन्ह देऊन ते चिन्ह आत जाऊ द्यायचं, किंवा बाहेरच्या पातळीवर ओळ तोडायचं चिन्हच बदलून ठेवायचं. हे विसरून आतल्याऐवजी भलत्याच पातळीवरचं यंत्र थांबवणं सहज शक्य होतं.

२ ऑगस्ट १९७२ रोजी आयबीएमने नवी ३७० यंत्रं आणि त्यांच्यासोबत व्हीएम/३७० जाहीर केलं. सीएमएसच्या नावातलं ‘केंब्रिज’ जाऊन ‘कन्व्हर्सेशनल’ आलं. पोराला घरात घेतलं, पण लाड दुसऱ्याचेच. कंपनीचा खरा जीव ‘एमव्हीएस’ या दुसऱ्या व्यवस्थेवर होता. १९७६ च्या सुमारास व्हीएमचं काम करणारा बर्लिंग्टनचा गट मोडून माणसांना पकिप्सीला एमव्हीएसच्या कामावर जायला सांगण्यात आलं. बऱ्याच जणांनी घर हलवण्यापेक्षा नोकरी हलवली आणि ते जवळच्याच डिजिटल इक्विपमेंट कंपनीत गेले. तरीही व्हीएम मेलं नाही, याचं श्रेय वापरणाऱ्यांना. त्यांना व्यवस्थेचा मूळ मजकूर, सोर्स, मिळत असे. तो वाचून ते स्वतः दुरुस्त्या करत आणि एकमेकांना देत. १९८३ मध्ये आयबीएमने यापुढे सोर्स देणार नाही असं धोरण जाहीर केलं, तेव्हा याच मंडळींनी वर्षानुवर्षं भांडण मांडलं. यंत्र थांबवून त्याच्या पोटात बघायची सवय लागलेल्या माणसांना झाकण लावून दिलेली वस्तू कशी रुचणार?

आपल्याकडे यातलं फारसं आलं नाही. व्हीएम/३७० भरात असतानाच, १९७८ मध्ये, परकीय चलन कायद्याखालच्या भागभांडवलाच्या वादातून आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला. इथल्या तिच्या यंत्रांची देखभाल १९७५ साली स्थापन झालेल्या सरकारी ‘सीएमसी’ने हाती घेतली. आयबीएम परतली ती १९९२ मध्ये, टाटांच्या भागीदारीत. तोवर इथे घराघरांत नसले तरी कचेऱ्या-कचेऱ्यांत पीसी पोचू लागले होते, आणि पीसीवर प्रत्येकाचं यंत्र खरोखरच वेगळं. भासाची गरज काय?

गरज पुढे आली. पण पीसीच्या चिपची गोष्ट वेगळी होती. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्येच नियम मांडला होता की जिथे अधिकाराची प्रत्येक नाजूक सूचना कारभाऱ्याला हाक मारते, तिथेच असा भास सरळपणे उभा करता येतो. इंटेलच्या चिपमध्ये काही सूचना साध्या अवस्थेत हाकही मारत नसत आणि कामही करत नसत, गुपचूप गिळून टाकत. मुंडकार नारळाला हात घालतो, नारळ निघत नाही आणि भाटकाराला कळतही नाही, असं. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हीएमवेअर’ने प्रोग्राम चालता चालता अशा सूचना बदलून ती अडचण ओलांडली. इंटेलने चिपमध्येच सोय दिली ती २००५ मध्ये, एएमडीने त्यानंतरच्या वर्षी. आज आपण ज्याला क्लाउड म्हणतो त्याचा मोठा भाग अशाच भासाच्या यंत्रांवर चालतो, आणि तिथलं ‘स्टार्ट’-‘स्टॉप’ ब्राउझरमधल्या बटणांवर आहे. म्हणजे बटणाचा शब्द झाला होता, त्या शब्दाचं पुन्हा बटण झालं.

मूळ घराणंही हयात आहे. २००० सालापासून त्याचं नाव ‘झेड/व्हीएम’, आणि २०२४ मध्ये त्याची ७.४ ही आवृत्ती आली. त्याच्या पोटात हल्ली बहुतेक ठिकाणी लिनक्स चालतं, एका मेनफ्रेमवर शेकड्यांनी. सिलेक्ट्रिक टाइपरायटर संग्रहालयात गेले, पण ‘आयपीएल’, ‘बिगिन’, ‘डिस्प्ले’, ‘स्टोअर’ हे शब्द तसेच आहेत. लिनक्स शिकून आलेल्या नव्या मुलांना तिथे दोन गोष्टी आधी बजावून सांगाव्या लागतात. पहिली, चालू असलेल्या यंत्राच्या कन्सोलवर शिरताना कोपऱ्यात ‘सीपी रीड’ दिसलं तर ते यंत्र तुमच्या येण्याने थांबलेलं आहे. ‘बिगिन’ म्हणा, नाहीतर त्यावर अवलंबून असलेले सगळे खोळंबतील. ‘सेट रन ऑन’ करून ठेवलं असेल तर ही भीती नाही. दुसरी गोष्ट, बाहेर पडताना ‘डिस्कनेक्ट’ म्हणायचं, ‘लॉगऑफ’ नाही. ‘डिस्कनेक्ट’ने तुमचं टर्मिनल सुटतं आणि यंत्र आपलं चालू राहतं. ‘लॉगऑफ’ने यंत्रच नाहीसं होतं, आत बँकेचं काम चालू असलं तरी. सीपी ‘खात्री आहे ना?’ असं विचारत बसत नाही.